मोजदादीचा इतिहास आणि लहान व्यावसायिक : वहीपासून आरएफआयडी टॅगपर्यंत

प्रस्तावना

कोणत्याही व्यापाराचा पाया देवघेव हा असला, तरी ती देवघेव टिकवून धरण्याचे काम मोजदाद करीत असते. किती माल आला, किती गेला आणि किती शिल्लक राहिला, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्यापाशी वेळेवर असतात, त्याचे भांडवल फिरते राहते. ज्याच्यापाशी ती नसतात, त्याचे भांडवल फडताळात अडकून पडते. मोठ्या कंपनीला असे अडकलेले भांडवल काही काळ सोसता येते. लहान व्यावसायिकाला ते परवडत नाही; कारण माल विकला गेला नाही म्हणून घाऊक व्यापाऱ्याची देणी थांबत नाहीत आणि दुकानाचे भाडेही थांबत नाही. त्यामुळे शिल्लक मालाची खरी संख्या कळणे ही त्याच्या दृष्टीने केवळ सोय नसून अस्तित्वाची बाब ठरते.

गेल्या दोन-अडीच दशकांत या मोजदादीसाठी रेडिओ लहरींवर चालणाऱ्या ओळखपट्टीचा, म्हणजेच आरएफआयडी टॅगचा पुरस्कार मोठ्या प्रमाणावर झाला. या तंत्राविषयीचे बरेचसे लेखन त्याच्या गुणांची यादी देऊन थांबते. प्रस्तुत लेखात त्याच्या इतिहासाचा मागोवा घेऊन दोन प्रश्नांचा विचार केला आहे. मोजदादीचे हे साधन कोणाच्या गरजेतून जन्मास आले? आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी पडला? या प्रश्नांच्या उत्तरांतूनच लहान व्यावसायिकाने या साधनाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे स्पष्ट होते.

मोजदादीची जुनी परंपरा

मालाची शिस्तबद्ध मोजदाद ही प्रथम राज्यसंस्थेची गरज होती. शिवकाळातील किल्ल्यांच्या व्यवस्थेत हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे अधिकारी असत. धान्य, दारूगोळा आणि इतर सामग्री यांचा हिशेब कारखानिसाकडे असे. ज्याच्या हाती किल्ल्याची हुकमत, त्याच्याच हाती कोठाराचा हिशेब राहू नये, हे या विभागणीमागील तत्त्व होय. मोजणारा आणि वापरणारा वेगळा असावा, हा हिशेबतपासणीतील आजचा नियम यापेक्षा निराळा नाही.

व्यापाऱ्यांमध्ये रोजकीर्द आणि खतावणी यांची परंपरा दीर्घकाळ चालत आली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वह्यांची पूजा होते आणि बलिप्रतिपदेपासून व्यापारी वर्ष सुरू होते. या वह्यांचा भर प्रामुख्याने रोख रक्कम आणि देणेकरी-घेणेकरी यांच्या खात्यांवर होता. शिल्लक मालाचा अंदाज मालकाच्या आणि जुन्या नोकराच्या स्मरणावर सोपवलेला असे, आणि प्रत्यक्ष मोजणी बहुधा वर्षातून एकदाच होई. दुकान लहान आणि मालाचे प्रकार मोजके असेपर्यंत ही पद्धत निभावून गेली. रंग, माप, नमुना आणि कंपनी यांनुसार एकाच वस्तूचे शेकडो प्रकार झाले, तेव्हा स्मरणशक्ती अपुरी पडू लागली.

छापील रेषांचे युग

विसाव्या शतकाच्या मध्यास हीच अडचण अमेरिकेतील किराणा साखळ्यांना भेडसावू लागली. नॉर्मन जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९ मध्ये छापील खुणांवरून वस्तू ओळखण्याच्या पद्धतीसाठी अर्ज केला आणि १९५२ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. परंतु स्वस्त लेझर आणि संगणक उपलब्ध होईपर्यंत ही कल्पना कागदावरच राहिली. एप्रिल १९७३ मध्ये अमेरिकेतील किराणा उद्योगाने एकच समान बारकोड स्वीकारला, आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्ली कंपनीच्या च्युइंग गमचे पाकीट बारकोड वाचून विकले गेले.

बारकोडने विक्रीची नोंद सोपी केली. तथापि त्याला दोन मर्यादा होत्या. पहिली म्हणजे प्रत्येक खूण रीडरच्या दृष्टीसमोर धरावी लागते. दुसरी अधिक मूलभूत आहे. किराणा मालावरील बारकोड वस्तूचा प्रकार सांगतो, ती विशिष्ट वस्तू सांगत नाही. एकाच साबणाच्या शंभर वड्यांवर एकच खूण असते.

छापील खुणेच्या पहिल्या मर्यादेचा कटू अनुभव अमेरिकन रेल्वेने घेतला. १९६७ मध्ये तेथील रेल्वे संघटनेने प्रत्येक वाघिणीवर रंगीत पट्ट्यांची खूण लावण्याची कारट्रॅक ही पद्धत स्वीकारली. धूळ, काजळी आणि चिखल यांमुळे त्या खुणा वाचता येईनाशा झाल्या, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत सोडून द्यावी लागली. पुढे १९९१ मध्ये तेथील रेल्वेने वाघिणींसाठी रेडिओ टॅगचे मानक स्वीकारले. जेथे डोळा पोचत नाही तेथे लहर पोचते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

युद्धभूमीवरून गोदामाकडे

रेडिओ लहरींनी ओळख पटविण्याची मूळ गरज लष्करी होती. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यावर विमान दिसे, पण ते आपले की शत्रूचे हे कळत नसे. ब्रिटिशांनी आपल्या विमानांत असे यंत्र बसविले की, रडारची लहर पोचताच ते ठरावीक उत्तर परत पाठवी. ‘विचारणा आणि उत्तर’ हे आजच्या टॅगचे तत्त्व येथेच आढळते. १९४५ मध्ये मॉस्कोतील अमेरिकन राजदूताला लाकडी राजमुद्रा भेट देण्यात आली. तिच्यात लिऑन थेरेमिन यांनी बनविलेले, स्वतःची बॅटरी नसलेले आणि बाहेरून सोडलेल्या लहरीवर जागे होणारे श्रवणयंत्र दडविलेले होते. ते १९५२ मध्ये उघडकीस आले. वस्तूकडे स्वतःची ऊर्जा नसली तरी तिच्याकडून माहिती मिळविता येते, हे त्यातून सिद्ध झाले.

हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये परावर्तित ऊर्जेद्वारे संदेशवहन या विषयावर शोधनिबंध प्रसिद्ध करून या तत्त्वाची शास्त्रीय मांडणी केली. १९६० च्या दशकात दुकानांतील चोरी रोखण्यासाठी साधे टॅग आले. त्यांना फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगता येई. जानेवारी १९७३ मध्ये मारिओ कार्डुलो यांना स्मृती असलेल्या टॅगचे पेटंट मिळाले, आणि त्याच वर्षी चार्ल्स वॉल्टन यांना दार उघडणाऱ्या ओळखयंत्राचे. याच दशकात अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेत अण्वस्त्र-सामग्रीची वाहतूक आणि गुरांची ओळख या दोन कामांसाठी टॅगवर संशोधन झाले. लष्कर, अणुसामग्री, रेल्वे आणि साखळी दुकाने ही या तंत्राची प्रारंभीची आश्रयस्थाने होत. गल्लीतील दुकानदार या इतिहासात कोठेही दिसत नाही.

स्वस्त टॅगचे स्वप्न आणि सक्ती

नव्वदच्या दशकाअखेर प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत काम करणारे केविन अ‍ॅश्टन यांना एक गोष्ट खटकली. जाहिरात होत असलेली एका विशिष्ट छटेची लिपस्टिक दुकानांच्या फळीवर सापडत नसे आणि संगणकाला त्याचा पत्ता नसे. या साध्या अडचणीतून १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ऑटो-आयडी सेंटरची स्थापना झाली. अ‍ॅश्टन यांच्यासह कानपूर आयआयटीचे माजी विद्यार्थी संजय सरमा आणि डेव्हिड ब्रॉक यांचा तीत प्रमुख वाटा होता. टॅगवर सर्व माहिती न साठवता केवळ एक क्रमांक ठेवावा आणि बाकी तपशील संगणकावर असावा, हा त्यांचा विचार निर्णायक ठरला. त्यामुळे चिप लहान झाली आणि पाच सेंटचा टॅग हे ध्येय ठेवता आले. प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक मिळाल्याने बारकोडची दुसरी मर्यादाही दूर झाली.

जून २००३ मध्ये वॉलमार्टने आपल्या प्रमुख १०० पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून खोके आणि पॅलेट यांवर टॅग लावण्यास सांगितले. त्याच वर्षी अमेरिकन संरक्षण खात्यानेही आपल्या पुरवठादारांसाठी असेच धोरण जाहीर केले. वॉलमार्टला झालेला लाभ खोटा नव्हता. अर्कान्सा विद्यापीठाच्या २००५ मधील अभ्यासात, टॅगचा वापर झालेल्या दुकानांत फळीवर माल नसण्याचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. परंतु टॅग विकत घेणे आणि ते चिकटविणे हा खर्च पुरवठादाराचा होता, तर फळी भरलेली राहण्याचा थेट फायदा प्रथम दुकानाला होत होता. साहजिकच अनेक पुरवठादारांनी गोदामातून माल निघताना शेवटच्या क्षणी टॅग चिकटवून केवळ अट पुरी केली. स्वतःच्या कामकाजात त्याचा काहीही उपयोग करून घेतला नाही. २००८ मध्ये याच समूहाच्या सॅम्स क्लबने टॅग नसलेल्या पॅलेटवर किमान दोन डॉलर आकार जाहीर केला आणि पुढच्याच वर्षी तो १२ सेंटवर आणला. सक्तीने टॅग लागतो, पण मोजदादीची सवय लागत नाही, हे या प्रकरणाचे सार होय.

याच काळात ग्राहकांच्या बाजूनेही एक प्रश्न उपस्थित झाला. २००३ मध्ये बेनेटन या वस्त्रकंपनीच्या कपड्यांत टॅग शिवले जाणार असल्याचे वृत्त आल्यावर, खरेदीनंतरही व्यक्तीचा माग काढता येईल या भीतीने विरोध झाला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. वस्तू विकली गेल्यावर टॅगचे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे कायमचा पुढे आला. २०१४ मध्ये झारा दुकानांची मालक असलेल्या इंडिटेक्स कंपनीने त्याचे एक व्यवहार्य उत्तर समोर ठेवले. टॅग चोरीरोधक प्लास्टिक बिल्ल्यात बसवायचा, विक्रीच्या वेळी काढून घ्यायचा आणि पुन्हा वापरायचा, अशी ही रीत होती. लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने या संपूर्ण इतिहासातील ही सर्वांत मोलाची कल्पना आहे.

भारतातील वाटचाल

भारतात प्रारंभी अडचण तंत्राची नव्हती, परवान्याची होती. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांनुसार रेडिओ लहरी सोडणारे उपकरण वापरण्यास सरकारी परवाना लागे. मार्च २००५ मध्ये केंद्र सरकारने ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील, कमाल १ वॉट प्रेषणशक्तीच्या आरएफआयडी उपकरणांना परवान्यातून सूट दिली. डिसेंबर २००४ मध्ये जेन-टू हे मानक मान्य झाले होते आणि २००६ मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचे स्थान मिळाले. त्यामुळे एका कंपनीचा टॅग दुसऱ्या कंपनीच्या रीडरने वाचणे शक्य झाले. लहान ग्राहकाला एकाच विक्रेत्याशी बांधून न ठेवणारी ही बाब होती, म्हणून परवान्यातील सूट आणि समान मानक या दोन घटनांचे महत्त्व कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा अधिक आहे.

तथापि भारतातही या तंत्राचा पहिला व्यापक वापर मोठ्या व्यवस्थांनीच केला. जुलै २०१६ पासून न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात कंटेनरांचा माग टॅगद्वारे ठेवण्यास प्रारंभ झाला. २०१४ मध्ये मुंबई-अहमदाबाद मार्गावर प्रायोगिक स्वरूपात आलेला फास्टॅग फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील टोलनाक्यांवर अनिवार्य झाला. महाविद्यालयीन अध्यापकांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे ग्रंथालय. अनेक ग्रंथालयांनी पुस्तकांत टॅग बसवून देवघेव आणि वार्षिक ग्रंथगणना सुलभ केली. ग्रंथालयातील पुस्तक बाहेर जाते आणि परत येते. एकदा लावलेला टॅग वर्षानुवर्षे उपयोगी पडतो, आणि म्हणूनच नफा न मिळविणाऱ्या संस्थेलाही तो परवडू शकतो.

दुसरीकडे, नोंदी ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी वाढली. २०१७ च्या वस्तू व सेवा कर नियमांनुसार, आपसमेळ योजनेत नसलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने मालाचा आरंभीचा साठा, आवक, जावक, हरवलेला, चोरीस गेलेला वा नष्ट झालेला माल आणि अखेरची शिल्लक यांचा हिशेब ठेवणे आवश्यक आहे. जुनी रोजकीर्द जे काम स्मरणावर सोपवीत होती, ते आता नोंदीत येणे भाग झाले.

लहान व्यवसायातील उपयोग : इतिहासाच्या कसोटीवर

वरील इतिहासाच्या आधारे लहान व्यावसायिकासाठी चार कसोट्या मांडता येतात.

पहिली कसोटी वस्तूच्या मोलाची. मोठ्या संख्येने घेतल्यास साधा टॅग आज काही रुपयांत मिळतो. हातात धरण्याच्या रीडरला मात्र हजारो रुपये पडतात. दहा रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यावर टॅग लावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल. किराणा दुकानाला बारकोडच पुरेसा आहे. साडी, तयार कपडे, पादत्राणे, चष्म्याच्या फ्रेम, दागिने अशा वस्तूंचे गणित वेगळे आहे.

दुसरी कसोटी टॅग परत मिळण्याची. समजा, एका साडीच्या दुकानात एका वेळी २००० साड्या असतात आणि वर्षाला ६००० विकल्या जातात. टॅग ८ रुपयांचा आणि रीडर ६०,००० रुपयांचा धरला, तर पाच वर्षे चालणाऱ्या रीडरचा वार्षिक भार १२,००० रुपये, म्हणजे साडीमागे २ रुपये होतो. प्रत्येक साडीसोबत टॅग गेला, तर एकूण खर्च साडीमागे १० रुपये येईल. विक्रीच्या वेळी टॅग काढून घेऊन तो दहा वेळा वापरला, तर टॅगचा खर्च साडीमागे ८० पैसे आणि एकूण खर्च २ रुपये ८० पैसे होईल. हे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतलेले आहेत. संगणक-प्रणाली आणि मजुरी यांचा खर्च त्यांत धरलेला नाही. तरीही फरकाची दिशा स्पष्ट आहे. टॅग काढून घेतल्याने ग्राहकाच्या खाजगीपणाचा प्रश्नही आपोआप सुटतो. सराफी दुकानात दागिन्यांच्या तबकांची रोजची मोजणी, धुलाई केंद्रातील चादरी, बिछायत केंद्रातील गाद्या आणि खुर्च्या ही परतीच्या फेऱ्याची इतर उदाहरणे होत.

तिसरी कसोटी पदार्थाच्या गुणधर्माची. या पट्ट्यातील लहरी धातूवरून परावर्तित होतात आणि पाण्यात शोषल्या जातात. कापडाच्या गठ्ठ्यांतील टॅग काही मीटरवरून, न उलगडता वाचता येतात. तेलाचे डबे, स्टीलची भांडी किंवा पाण्याच्या बाटल्या यांच्या बाबतीत साधा टॅग दगा देतो. धातूवर चालणारे खास टॅग मिळतात, परंतु ते महाग असतात. शिवाय रीडरची लहर शेजारच्या फळीवरील मालही मोजू शकते. त्यामुळे खरेदीपूर्वी आपल्याच दुकानात, आपल्याच मालावर चाचणी घेणे आवश्यक ठरते.

चौथी कसोटी नोंदीच्या शिस्तीची, आणि ती सर्वांत कठीण आहे. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एका मोठ्या विक्री-साखळीच्या ३७ दुकानांतील सुमारे ३ लाख ७० हजार साठा-नोंदींपैकी ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. संगणक आणि प्रशिक्षित नोकरवर्ग असूनही ही स्थिती होती. टॅग मालाची हजेरी घेतो. पण आलेल्या गठ्ठ्याची नोंद केली नाही, परत आलेली साडी वहीत धरली नाही किंवा विक्रीनंतर काढलेला टॅग गल्ल्याशेजारीच पडून राहिला, तर यंत्र चुकीचीच संख्या अधिक वेगाने सांगेल. म्हणून आरंभ दुकानाच्या एका विभागापासून करावा, प्रत्येक टॅगक्रमांक एका वस्तूशी साध्या संगणकीय तक्त्यात जोडावा, ठरलेल्या दिवशी फळीफळीने वाचन करावे आणि वही व वाचन यांतील तफावतीची यादी त्याच दिवशी निकालात काढावी. शक्यतो विक्री करणारा आणि मोजणी करणारा या व्यक्ती वेगळ्या असाव्यात. कारखानिसाच्या पदामागील शहाणपण येथेही उपयोगी पडते.

समारोप

रेडिओ टॅगचा इतिहास हा मोठ्यांच्या गरजेतून जन्मलेल्या आणि बराच काळ लहानांच्या खर्चाने वाढलेल्या साधनाचा इतिहास आहे. वॉलमार्टच्या पुरवठादारांनी टॅग लावले, परंतु त्यांतील अनेकांना प्रश्न दुसऱ्याचा आणि खर्च आपला, अशा स्थितीत राहावे लागले. आज समान मानक, परवान्यातून मिळालेली सूट आणि उतरलेल्या किमती यांमुळे प्रथमच लहान व्यावसायिकाला हे साधन स्वतःच्या प्रश्नासाठी वापरणे शक्य झाले आहे. मात्र त्याचा प्रश्न आधी निश्चित हवा. कोणता माल अडकून पडतो? कोणता हरवतो? कोणता असूनही वेळेवर सापडत नाही? ज्या दुकानदारापाशी हे प्रश्न तयार आहेत, त्याला टॅगच्या खर्चाचा हिशेब एका बैठकीत मांडता येईल, आणि हिशेबाअंती तो नकार देऊन बारकोडवर किंवा नीट राखलेल्या वहीवर थांबला, तरी तो निर्णय मागासलेपणाचा मानण्याचे कारण नाही. उद्या एखाद्या बड्या खरेदीदाराने त्याच्यावर टॅगची अट घातलीच, तर २००५ च्या पुरवठादारांप्रमाणे तो निरुत्तर राहणार नाही. त्या टॅगमधून स्वतःच्या गोदामासाठी काय मिळवायचे, हे त्याने आधीच ठरविलेले असेल.